बिनरव्याची कांडी

सतरा वर्षं मी वाळूजच्या एका कारखान्यात ग्रीस शिजवलं आणि अठराव्या वर्षी मॅनेजरच्या टेबलावर राजीनामा आपटून बाहेर पडलो. कारण क्षुल्लक होतं. त्यानं चार माणसांसमोर मला म्हटलं, "बद्रीनाथ, जरा डोकं वापरा." माझं डोकं वापरायच्या आधी तापतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मॅनेजरला ते त्या दिवशी कळलं. राजीनाम्याबरोबर मी त्याला दोन वाक्यंही ऐकवली. ती इथं लिहिण्यासारखी नाहीत, पण त्या दोन वाक्यांमुळे पुन्हा त्या दारात जायची सोय उरली नाही, एवढं खरं.

मग वाळूजमध्येच मागच्या बाजूला एक लहान शेड घेतली. मोठ्या कंपन्यांना मलमं, मालिशची तेलं, साबण असलं काहीबाही करून द्यायचं, असा बेत होता. मदतीला एकच माणूस ठेवलं, बानाबाई. वय पन्नाशीच्या पुढे. मेंढपाळाच्या घरातली. नवरा भिकन वर्षातले आठ महिने मेंढरांमागे रानोमाळ, आणि हिचे गुडघे धरले म्हणून ही रांजणगावच्या कडेला दिराच्या घराशेजारी राहिलेली. भांडी घासणं, साचे पुसणं आणि मी शिजवलेलं साच्यात ओतणं, ही तिची कामं. हात असा की पाच लिटरच्या भांड्यातून बोटाएवढ्या भोकात ओतताना बाहेर थेंब पडायचा नाही. मी ओतायला गेलो की निम्मं टेबलाला मिळायचं.

माझ्या कागदांवर मात्र बानाबाईचं नाव कुठंच नव्हतं. प्रत्येक घाण्याचा मी एक कागद करायचो. त्यात वजन, तापमान, वेळ, सगळे रकाने. शेवटचा रकाना होता 'ओतणाऱ्याची सही'. तिथंही मीच सही ठोकायचो. एमएस्सी मी झालो होतो, जबाबदारी माझी, असा माझा हिशेब होता.

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत पुण्याच्या एका कंपनीच्या मॅडम शेडवर आल्या. पर्समधून त्यांनी ओठांना लावायची एक परदेशी कांडी काढली आणि टेबलावरच्या माझ्या कागदावर आडवी ठेवली. कांडीतून खालचं माझं अक्षर दिसत होतं.

"असं पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "नुसतं तेल, पाणी अजिबात नको. आरपार दिसलं पाहिजे, आणि तुमच्या औरंगाबादच्या उन्हात वितळता कामा नये."

मी लगेच हो म्हणून बसलो. हो म्हणण्यातही माझा स्वभाव आडवा येतो.

काम सांगायला सोपं होतं. तेल पातळ असतं, त्याला उभं करायचं. मेण घातलं की तेल उभं राहतं, पण दुधासारखं पांढरं होतं, कारण थिजताना मेणाचे दाणे मोठे धरतात आणि उजेड त्यांच्यात अडतो. म्हणजे तेलाला धरून ठेवणारं असं काहीतरी हवं, ज्याचं जाळं डोळ्याला दिसणारच नाही इतकं बारीक असेल. ते काय, याच्या शोधात माझे तीन महिने गेले. मधमाशीचं मेण झालं, झाडापासूनची दोन मेणं झाली. सगळी पांढरी. एक परदेशी पावडर आणली, तिनं कांडी छान आरपार केली, पण ती लावली की वरचा ओठ खालच्याला चिकटून बसायचा. माझी बायको आशा म्हणाली, "ही एक घरी ठेवू या. तुम्ही चिडलात की लावत जाईन." आणखी एक पावडर विरघळवायला एवढी आच लागली की तेल तपकिरी होऊन जळका वास मारायला लागलं.

एका रविवारी अंगणात मोटारसायकलच्या चेनला ग्रीस लावत बसलो होतो आणि हात तसाच थांबला. ग्रीस म्हणजे तरी काय, उभं केलेलं तेलच. सतरा वर्षं मी दुसरं केलं काय होतं? कारखान्यात त्यासाठी पांढऱ्या पापुद्र्यांची पोती यायची. त्या पदार्थाचं नाव लांबलचक, आम्ही त्याला 'बारा नंबर' म्हणायचो. तो निघतो एरंडेलापासून. आमच्या देवगाव रंगारीच्या शेतात बांधावर एरंड वाढायचा आणि आम्ही तो तोडून फेकायचो. ग्रीसमध्ये बारा नंबर क्षाराबरोबर जातो. नुसत्या तेलात एकटा घालून मी तो कधी पाहिलाच नव्हता. परदेशी पुस्तकं चाळत होतो आणि औषध हाताला फासलेलं होतं.

सोमवारी औरंगपुऱ्यातल्या केमिकलवाल्याकडून किलोभर बारा नंबर आणला. बाळाच्या अंगाला लावतात तसलं पांढरं खनिज तेल घेतलं, ओठांना मऊ लागावं म्हणून थोडं एरंडेल, आणि काचेच्या भांड्यात तापवून त्यात पापुद्रे सोडले. ते विरघळून गेल्यावर भांडं परातीतल्या पाण्यात ठेवलं. अर्ध्या तासानं भांडं उपडं केलं, तरी आतलं हललं नाही. भांड्याखाली पेपर सरकवला. राशिभविष्याचं पान होतं. कर्क रास, आज संयम ठेवा, असं मला स्वच्छ वाचता आलं. मी शेडमध्ये एकटाच हसलो.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "भांड्यातलं नको. साच्यातल्या वीस कांड्या दाखवा. अठ्ठावीस मेला मी स्वतः येते. त्या दिवशी नाही जमलं तर मला गुजरातचा माणूस बघावा लागेल."

त्या रात्री जेवताना आशा सहज म्हणाली, "ग्रीसवाल्यांनी तुमची खुर्ची अजून कुणाला दिलेली नाही म्हणे." ती मनात काही ठेवून बोलली नव्हती, पण मी ताट बाजूला सारलं. शेडला धरून ठेवणारं दुसरं काम नव्हतं. कांडी आरपार झाली तर शेड राहणार होती, नाहीतर मला ती दोन वाक्यं गिळून त्याच मॅनेजरसमोर उभं राहावं लागणार होतं. मला तेवढंच नको होतं. बाकी काहीही चाललं असतं.

आणि कांडी साच्यात गेली की पांढरी पडायला लागली.

रोजचा क्रम ठरलेला होता. दिवसभर तेल तोलायचं, तापवायचं, गाळायचं. पाचच्या सुमाराला बानाबाई ओतायला घ्यायची आणि दुकानं बंद व्हायच्या आत मी शहराकडे निघायचो. शेडला कुलूप तीच लावायची. सकाळी साचा उघडला की आत कांड्या पांढऱ्या, बोटानं दाबलं तर आत बारीक दाणे. भांड्यात आरपार, साच्यात पांढरं. मी बारा नंबर दुसऱ्याकडून आणला. तेल बदललं. थर्मामीटर बदललं. साचेवाल्याशी फोनवर भांडलो, त्यानं फोन ठेवून दिला. सात घाणे गेले. सात कागद झाले, सातही नीट भरलेले, आणि एकाही कागदात चूक सापडत नव्हती.

एकविसाव्या तारखेच्या सकाळी एका कांडीच्या पोटात मला काळा धागा दिसला. पांढऱ्या कांडीत बोटभर काळा धागा. माझा ताबा सुटला.

"बानाबाई, डोक्याला फडकं बांधा म्हणून किती वेळा सांगितलं? हा केस बघा."

तिनं कांडी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि शांतपणे परत दिली.

"ह्यो माजा केस नाय, सायेब. माजे तर पिकले. ह्यो घोंगडीचा धागा हाय."

"घोंगडी? इथं घोंगडी कुठून आली?"

ती कोपऱ्यातल्या फळीमागे गेली आणि घडी घातलेली काळी घोंगडी घेऊन आली. तिच्या सासऱ्यानं विणलेली, जाडजूड. मग तिनं मला सगळं सांगितलं, तेही कौतुकानं. मी गेलो की ती गरम साच्यांवर पाण्याचा एक हबका मारायची, त्यावर टोपली उपडी घालायची, टोपलीवर घोंगडी पांघरायची आणि मगच कुलूप लावायची.

"आमच्यात तूप कढीवलं की असंच करत्यात," ती म्हणाली. "पान्याचा हबका बसला की रवा धरतोय. आन घोंगडीखाली सावकाश निवलं की रवा कसा मोत्यावानी व्हतो. बिनरव्याचं तूप कोन घेतंय बाजारात? तुमच्या काचंच्या भांड्यात पयल्या दिवशी रवाच नव्हता. म्हनलं, सायबाला जमंना, आपुन हात लावावा."

मी खुर्चीत बसलो. तीन महिने मी ज्या दाण्याशी झगडत होतो, तो दाणा ही बाई रोज संध्याकाळी पांघरूण घालून वाढवत होती.

"मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कवा?"

मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. शेवटचं आठवतं. "उद्यापासून येऊ नका," असं मी म्हणालो. बानाबाईनं घोंगडी खांद्यावर टाकली, पाण्याचा तांब्या जागेवर ठेवला आणि गेली.

मला वाटलं, आता झालंच काम. दुसऱ्या दिवशी मी स्वतः ओतलं. हबका नाही, टोपली नाही, घोंगडी नाही. निम्मं टेबलावर सांडलं, उरलेलं साच्यात. सकाळी पाहतो तर कांड्या धुरकट. मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये संध्याकाळीसुद्धा चाळिशीच्या आसपास असतं. तिथं साचा उघडा ठेवला काय आणि पांघरला काय, तो सावकाशच निवणार. म्हणून पुढच्या दिवशी बर्फ आणला. बर्फात ठेवलेल्या कांड्या बाहेरून झटकन थिजल्या आणि आतून आक्रसल्या, मधोमध पोकळी, वरून तडा. चोवीस तारीख उजाडली होती.

दुपारी मी घाण्यांचे कागद पुढ्यात पसरून बसलो. पहिल्या सात कागदांवर शेवटच्या रकान्यात माझी सही होती. ओतणाऱ्याची सही, बद्रीनाथ. त्या सातांतला एकही घाणा मी ओतला नव्हता. पाचनंतर शेडमध्ये काय होतं याची मला कल्पना नव्हती, आणि तरी खाली सही ठोकून मी मोकळा व्हायचो. बानाबाईनं काही लपवलं नव्हतं. घोंगडी तिथंच फळीमागे होती, इतके दिवस. मला स्वतःची लाज वाटली. मॅनेजरनं म्हटलं होतं तेच मी केलं नव्हतं, डोकं वापरणं. हे कबूल करायला मला अजूनही जड जातं.

रांजणगावच्या कडेला तिचं घर शोधायला वेळ लागला नाही. मेंढरं विचारली की घर सापडतं. बानाबाई ओट्यावर बसून लोकर निवडत होती. मला पाहून उठली नाही.

"चहा घेता का?" तिनं विचारलं.

"घेतो."

चहा झाला. ती पुन्हा लोकर निवडू लागली. शेवटी मीच म्हणालो, "बानाबाई, चूक झाली."

"कुनाची?"

"माझी."

तिनं लोकरीचा पुंजका बाजूला ठेवला. "थोडी माजी बी हाय. दुसऱ्याच्या चुलीत न इचारता हात घातला म्या. पर तुमी लई बोललात सायेब. भिकनसुदिक मला आसं बोलला नाय कवा."

"नाही बोलायला पाहिजे होतं."

"व्हय, नाय पायजे व्हतं," ती म्हणाली आणि तो विषय तिनं तिथंच सोडला. मला तेवढ्या लवकर सोडता आला नसता. "आता सांगा. तुमाला रवा नगं व्हता?"

"नको. अजिबात नको. आतून पलीकडचं दिसायला पाहिजे."

"मंग हे आधी न्हाय का सांगायचं." तिनं कपाळावर हात मारला. "बिनरव्याचं तूप बी करता येतंय मला. बाळंतिणीच्या लेकराच्या टाळूला लावाया आमी तसलंच करतो, मऊ, एक दाना नाय. रवा कामून धरतो ते ज्याला ठावं, त्याला रवा मोडता बी येतोय."

"कसं करता?"

"भांडं उनात वाळवायचं. आत पान्याचा टिपूस ऱ्हायला नाय पायजे. भांडं कोंबट आसतानाच तूप वतायचं, गार भांड्यात वतलं की कडंला आधी थिजतं. मंग भांडं माठाच्या पान्यात उभं करायचं. पानी भाईरून लागंल, आत नाय. आन हालवायचं नाय."

"बर्फाचं पाणी?"

"बर्फानं तडकंल की." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी बर्फ आणल्याचं तिला कुणीतरी सांगितलं असावं, असं मला वाटलं. "माठाचं. कोंबट झालं की काढायचं, दुसरं वतायचं."

माठाचं पाणी म्हणजे मेमध्ये तेवीस-चोवीस. शेडच्या हवेपेक्षा बरंच गार, बर्फापेक्षा बरंच गरम. मी मनातल्या मनात आकडे मांडले आणि ते जुळले. कारखान्यात ग्रीसच्या भांड्याबाहेरून पाणी फिरायचं, ते किती सोडायचं हे पुंजाराम नावाचा माणूस नळाशी उभा राहून ठरवायचा. सतरा वर्षांत मी त्यालाही कधी विचारलं नव्हतं.

"उद्या येता का?" मी विचारलं.

"तुमीच म्हनला नगा येऊ."

"आता म्हणतो, या."

"येते. पर डोक्याला फडकं बांदनार नाय. लई उकडतंय."

"फडकं बांधायलाच लागेल, बानाबाई. तो कंपनीचा नियम आहे."

ती हसली. "बगू."

पंचवीसला ती फडकं बांधून आली. साचे तिनं उन्हात पत्र्यावर मांडले. दोन मोठे माठ आदल्या दिवशीच भरून ठेवायला हवे होते, म्हणून तिनं शेजारच्या गॅरेजमधून एक भरलेलाच मागून आणला, दुसरा स्वतःच्या घरून रिक्षात घालून. मी शिजवलं, तिनं ओतलं, आणि या वेळी मी कुठंही गेलो नाही. स्टुलावर बसून ती काय करते ते विचारत राहिलो आणि लिहीत राहिलो. किती वेळानं पाणी बदललं, पाणी साच्याच्या कुठवर आलं, हात लावून तिला काय वाटलं. तिला आधी गंमत वाटली, मग वैताग आला.

"सगळंच लिवता का?"

"सगळंच."

पहिल्या वीस कांड्यांतल्या सहा वरून धुरकट निघाल्या. पाणी तिथवर पोचलं नव्हतं. बानाबाईनं परातीत माठाचं पाणी दोन बोटं वर चढवलं. मी बारा नंबर थोडा वाढवला, कारण उन्हात टिकायला तेवढा लागणार होता. सव्वीसला पुन्हा ओतलं. संध्याकाळी तिनं एक कांडी काढली, पदराला पुसली आणि स्वतःच्या मनगटावर आडवी ठेवली. मनगटावर लहानपणी गोंदलेलं होतं, पाच ठिपके आणि एक तुळस.

"ठिपके मोजा," ती मला म्हणाली.

मी मोजले. पाच होते.

अठ्ठावीसला मॅडम अकरा वाजता आल्या. कांड्या आदल्या दिवसापासून गरम कपाटात ठेवलेल्या होत्या, उन्हात उभ्या केलेल्या गाडीत होतं तेवढ्या तापमानात. मॅडमनी एक काढली, टिश्यूवर टेकवली. तेल सुटलेलं नव्हतं. मग पेपर मागितला, कांडी आडवी ठेवली आणि वाचू लागल्या. एक, दुसरी, तिसरी. वीसही कांड्यांतून त्यांनी एकच ओळ वाचली. मग हाताच्या मागच्या बाजूला रेघ ओढली, अंगठ्यानं चोळली, वास घेतला. मी दोन्ही हात खिशात घालून उभा होतो.

"कागद?" त्या म्हणाल्या.

मी घाण्याचा कागद दिला. तो दोन पानांचा झाला होता. मॅडम सावकाश वाचत गेल्या. माठाच्या पाण्यापाशी थांबल्या, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचू लागल्या. शेवटच्या रकान्यापाशी निळ्या शाईचा अंगठा होता आणि त्यापुढे माझ्या अक्षरात नाव.

"बानाबाई भिकन शिंगाडे," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "कोण या?"

बानाबाई मागच्या मोरीत साचे पुसत होती. या शेडमध्ये तिचं पूर्ण नाव कुणी पुकारलं नव्हतं. नुसतं नाव पुकारलं जायचं, तेही मीच पुकारायचो, आणि पुकारलं की पुढे काय यायचं ते तिला पाठ होतं. ती बाहेर आली. पदर खोचलेला, फडकं कपाळावर घसरलेलं, हनुवटी वर.

"मी," ती म्हणाली. "का, काय झालं?"

"काही झालं नाही," मॅडम म्हणाल्या. "पहिल्या दोन हजार कांड्या लागतील. त्या याच बाईंनी ओतायच्या, एवढंच सांगायचं होतं."

बानाबाई मॅडमकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मग तिनं ओले हात पदराला पुसले.

"सायेब," ती म्हणाली, "हे बी लिवून घ्या."